दरबार, संशोधक आणि माती : इंदूर संस्थानातील दोन प्रयोग

विद्वानांना राजाश्रय देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. शास्त्री, कवी, वैद्य, ज्योतिषी यांना दरबारात मान असे, दक्षिणा मिळे, क्वचित इनामही मिळे. परंतु या आश्रयात विद्वानाचे ज्ञान राज्यकारभाराच्या कामी यावे, अशी अपेक्षा फार थोड्या वेळा असे. विद्वानाने दरबाराची शोभा वाढवावी आणि दरबाराने विद्वानाचा योगक्षेम चालवावा, असा तो व्यवहार होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेग, दुष्काळ, गिरण्या आणि वाढती शहरे यांनी संस्थानिकांपुढे जे प्रश्न उभे केले, त्यांची उत्तरे या जुन्या व्यवहारातून मिळण्यासारखी नव्हती. रोग का पसरतो, जमिनीचा कस का उतरतो, मैलापाणी कोठे न्यावे, हे सांगणारा माणूस आता हवा होता, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेऊन त्याप्रमाणे हुकूम काढणारा कारभारीही हवा होता.

या दोघांची गाठ पडणे सोपे असते. त्यांचे जमणे मात्र कठीण असते. संशोधकाला वेळ हवा असतो, कारभाऱ्याला निर्णयाची घाई असते. संशोधक शंका सोडत नाही, कारभाऱ्याला निश्चित उत्तर हवे असते. अहवाल लिहून झाला की आपले काम संपले असे एकाला वाटते, आणि अहवाल मिळाला की आपले कर्तव्य झाले असे दुसऱ्याला वाटते. आजही शासन आणि विद्यापीठे यांच्यामध्ये हीच दरी दिसते. ती कशी बुजते आणि कशामुळे तशीच राहते, याचा विचार करताना फार लांब जाण्याचे कारण नाही. आपल्या या होळकरांच्या नगरीत, अवघ्या चौदा वर्षांच्या अवधीत, दोन परदेशी शास्त्रज्ञांनी दरबाराच्या सहकार्याने दोन मोठे प्रयोग केले. पहिले पॅट्रिक गेडिस आणि दुसरे आल्बर्ट हॉवर्ड. दोघांच्याही विचाराच्या मुळाशी एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे माती. तरीही दोन्ही प्रयोगांची फळे सारखी नव्हती. ती का नव्हती, हे पाहणे हाच या लेखाचा हेतू आहे.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म 1854 साली स्कॉटलंडमध्ये झाला. मूळचे ते जीवशास्त्रज्ञ. टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली शिकलेले आणि पुढे डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झालेले. परंतु झाडापानांचा अभ्यास करता करता त्यांचे लक्ष माणसांच्या वस्तीकडे वळले. एखादे झाड ज्याप्रमाणे माती, पाणी आणि उजेड यांच्या नात्याने वाढते, त्याप्रमाणे शहरही आपल्या परिसराच्या आणि तेथील लोकांच्या उद्योगांच्या नात्याने वाढत असते, असा त्यांचा सिद्धान्त होता. वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. मग नगररचनाकाराने शहराची पाहणी केल्यावाचून नकाशावर रेघा का ओढाव्यात, असा त्यांचा प्रश्न असे.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून 1914 साली ते हिंदुस्थानात आले. नगररचनेविषयीचे त्यांचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले आणि अनेक वर्षांच्या श्रमाने जमविलेले नकाशे व चित्रे समुद्राच्या तळाशी गेली. खचून न जाता त्यांनी मित्रांच्या मदतीने नवे प्रदर्शन उभे केले आणि 1915 च्या आरंभी मद्रासला ते भरविले. त्यानंतरच्या दहा वर्षांत त्यांनी हिंदुस्थानातील पन्नासाच्या आसपास शहरांविषयी अहवाल लिहिले. त्यात 1916 चा बडोद्याचा अहवाल आहे, आणि या सर्वांत विस्तृत म्हणून ओळखला जाणारा इंदूरचा दोन खंडांचा अहवाल 1918 सालचा आहे.

त्या वेळी तिसरे तुकोजीराव होळकर गादीवर होते. शहरात कापडगिरण्या निघाल्या होत्या, खेड्यापाड्यांतून मजूर येत होते, आणि खान व सरस्वती या नद्यांच्या काठी वसलेल्या जुन्या पेठांवर लोकवस्तीचा भार वाढत होता. प्लेग आणि हिवताप हे नेहमीचेच झाले होते. त्या काळच्या अभियंत्यांचे यावर ठरलेले उत्तर असे : जुन्या वस्त्या पाडून रुंद सरळ रस्ते काढावेत, आणि शहराखालून भुयारी गटारे बांधून मैलापाणी लांब नेऊन सोडावे. गेडिस यांना हे दोन्ही उपाय मान्य नव्हते.

ते स्वतः गल्लीबोळांतून पायी हिंडत. कोणत्या घराला उजेड आहे, कोठे विहीर आहे, कोणत्या झाडाखाली बायका बसतात, कोणते देऊळ वस्तीचे मध्यस्थान आहे, हे पाहून मगच ते नकाशाला हात लावीत. सरसकट पाडापाडी करण्याऐवजी एखादे मोडकळीस आलेले घर काढून तेथे मोकळी जागा करावी, बोळ थोडा वळवून घ्यावा, आणि बाकीची वस्ती जशीच्या तशी राखावी, असा त्यांचा मार्ग होता. रोग्याचे शक्य तितके अंग वाचविणाऱ्या शस्त्रक्रियेची उपमा ते या पद्धतीला देत. यात पैसा कमी लागतो आणि गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर जात नाही, हे ते आकड्यांनिशी दाखवीत.

मैलापाण्याबद्दलचे त्यांचे म्हणणे तर त्याहून मूलगामी होते. पाश्चात्य शहरांनी सर्व घाण गटारात लोटण्याचा धडा घालून दिला. हिंदुस्थानातील शहराने ती मातीला परत द्यावी, असे त्यांनी इंदूरच्या अहवालात आग्रहाने मांडले. शहरात जे धान्य, भाजीपाला आणि चारा येतो तो शेवटी जमिनीतूनच येतो. त्याचा उरलेला अंश जमिनीला परत न देणे म्हणजे जमिनीचे देणे बुडविणे होय. म्हणून प्रचंड खर्चाच्या भुयारी गटारांऐवजी शहराच्या कडेने मळे आणि बागा निर्माण कराव्यात, त्यांना या खताचा उपयोग व्हावा, आणि नदीचे पाणी निर्मळ राहावे, अशी त्यांची योजना होती. आपल्या जुन्या शेतकऱ्याला सोनखत हा शब्द ठाऊक होता. त्या शब्दामागचा अर्थ गेडिस नव्या शास्त्राच्या भाषेत सांगत होते.

गेडिस यांच्या चरित्रग्रंथांत इंदूरच्या मुक्कामातील एक हकीकत येते. हातात नकाशे घेऊन हिंडणारा हा दाढीवाला साहेब घरे पाडायला आला आहे, अशा भीतीने लोक त्यांच्याकडे पाहू लागले होते. तेव्हा त्यांनी दरबाराकडे एकच गोष्ट मागितली : दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या मिरवणुकीची व्यवस्था एका वर्षापुरती आपल्या हाती द्यावी. परवानगी मिळताच त्यांनी जाहीर केले, की मिरवणूक या वर्षी नेहमीच्या मार्गाने न जाता, ज्या रस्त्यावरील घरे सर्वांत स्वच्छ आणि नीट केलेली असतील त्या रस्त्याने जाईल. मग पेठापेठांत चुरस लागली. उंबरे धुतले गेले, भिंती रंगल्या, वर्षानुवर्षे साठलेले उकिरडे गाड्या भरभरून शहराबाहेर गेले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेग आणणारा भला मोठा उंदीर होता, आणि त्यांच्यामागून शहरातील सफाई कामगार स्वच्छ पोशाखात, गळ्यात हार घालून मानाने चालत होते. त्यामागे नव्या इंदूरची प्रतिकृती होती. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. त्यानंतर साथ ओसरली, असे सांगतात. प्लेगची साथ ऋतुमानानुसारही चढते आणि उतरते. त्यामुळे सगळे श्रेय एका मिरवणुकीला देणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु संशोधकाचे म्हणणे लोकांच्या सणाच्या भाषेत मांडले गेले तर ते हुकमाशिवायही अमलात येते, एवढे या हकीकतीवरून निश्चित दिसते.

पुढे काय झाले? अहवाल छापला गेला. त्याच्या दुसऱ्या खंडात गेडिस यांनी इंदूरला स्वतंत्र विद्यापीठ असावे, अशी कल्पना सविस्तर मांडली होती. 1919 मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि 1924 साली त्यांनी हिंदुस्थान सोडला. इंदूरच्या काही नव्या वस्त्यांच्या आखणीत त्यांच्या विचारांची छाया दिसते. परंतु विद्यापीठ यायला 1964 साल उजाडावे लागले. नद्यांचे तर त्यांनी ज्याची भीती व्यक्त केली होती तेच झाले. शहर वाढत गेले आणि खान नदी पुढील कित्येक दशके सांडपाण्याचा नाला होऊन वाहिली. मातीला परत देण्याचा मुख्य विचार अहवालाच्या पानांतच राहिला. दरबाराने अहवाल मागविला, संशोधकाने तो मनापासून लिहिला. पण तो अमलात आणण्यासाठी दोघांच्या मध्ये कोणीच नव्हते. अहवालकर्ता गेल्यावर त्याच्या वतीने बोलणारी, त्याचा हिशेब ठेवणारी, चूक झाल्यास ती सुधारणारी कोणतीही संस्था मागे उरली नाही.

गेडिस ज्या वर्षी हा देश सोडून गेले, त्याच 1924 साली इंदूरमध्ये एक नवी संस्था निघाली. तिचे इंग्रजी नाव ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’. तिचे संचालक आल्बर्ट हॉवर्ड हे 1905 पासून बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषिसंशोधन केंद्रात वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही केंब्रिजमध्ये शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि दोघांनी मिळून तयार केलेले पुसा गव्हाचे वाण उत्तर हिंदुस्थानात लोकप्रिय झाले होते. नावलौकिक मिळूनही हॉवर्ड पुसात समाधानी नव्हते. तेथे वनस्पती एका खात्याकडे, माती दुसऱ्याकडे, कीटक तिसऱ्याकडे आणि बुरशी चौथ्याकडे, अशी वाटणी होती. शेतात उभे असलेले पीक मात्र असे वाटले गेलेले नसते. मुळाखालची जमीन बिघडली असेल तर केवळ बियाणे बदलून काय साधणार, हा त्यांचा आक्षेप होता. खात्यांच्या भिंती नसलेली, स्वतःची जमीन आणि स्वतःचे बैल असलेली संस्था मिळाली तरच खरे काम होईल, असे त्यांनी ठरविले होते.

ही संस्था कशी उभी राहिली, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. कापसाच्या सुधारणेसाठी 1921 साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली होती, आणि 1923 च्या कायद्याने कापसावर बसविलेल्या उपकरातून तिला उत्पन्न मिळू लागले होते. या समितीने संस्थेला अनुदान दिले. होळकर दरबाराने 300 एकर जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिली. मध्य हिंदुस्थानातील संस्थाने वर्गणीदार झाली आणि त्या मोबदल्यात हॉवर्ड यांच्याकडे या संस्थानांच्या कृषिसल्लागाराचे कामही आले. म्हणजे जमीन एकाची, पैसा अनेकांचा आणि संशोधनाचा अधिकार संशोधकाचा, अशी ही रचना होती. दरबार मालक नव्हता, भागीदार होता.

या रचनेची कसोटी लवकरच लागली. 1925 मध्ये मुंबईला घडलेल्या बावला खून प्रकरणाचा गवगवा होऊन फेब्रुवारी 1926 मध्ये तुकोजीरावांना गादी सोडावी लागली. यशवंतराव अल्पवयीन असल्याने 1930 पर्यंत कारभार दुसऱ्यांच्या हाती राहिला. एका राजाच्या मर्जीवर उभा असलेला कोणताही उपक्रम अशा वादळात टिकला नसता. ही संस्था टिकली. तिच्या शेतात पेरणी चालू राहिली, कारण तिची मुळे एकाच अंगणात नव्हती.

कापूस समितीचा पैसा कापसासाठी होता. हॉवर्ड यांनी प्रारंभीच असे दाखवून दिले, की माळव्याच्या काळ्या जमिनीत कापूस सुधारायचा असेल तर आधी जमीन सुधारली पाहिजे. पावसाळ्यात ही चिकण जमीन पाण्याने भरते, तिच्यात हवा खेळत नाही आणि मुळे गुदमरतात. पाण्याचा निचरा आणि सेंद्रिय खत हीच त्यावरची दवा होती. परंतु शेण तर चुलीत जात होते. मग खत आणायचे कोठून? या प्रश्नाचे उत्तर त्यांना माळव्याच्या शेतात पडून असलेल्या पालापाचोळ्यात सापडले. चीन, कोरिया आणि जपानमधील शेतकरी शतकानुशतके कचऱ्याचे खत करून जमिनीचा कस कसा टिकवितात, हे एफ. एच. किंग यांच्या 1911 च्या ग्रंथातून त्यांच्यापुढे आले होते. त्याला हिंदी शेतीच्या परिस्थितीत बसविण्याचे काम इंदूरला झाले.

या कामात त्यांचे सहकारी होते संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ यशवंत डी. वाड. पऱ्हाटी, तुराटी, गवत, तण, उसाचे पाचट असा जो मिळेल तो काडीकचरा गोळा करावयाचा. पऱ्हाटीसारखी कठीण काडी रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यावयाची. तो गोठ्यात जनावरांखाली अंथरावयाचा. मग शेण, मूत्र मुरलेली गोठ्यातील माती आणि लाकडाची राख यांच्यासह तो खड्ड्यात थरांनी भरावयाचा. खड्डा सुमारे 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि फक्त 2 फूट खोल, कारण खोल खड्ड्यात हवा पोहोचत नाही. ठरावीक वेळी पाणी शिंपडावयाचे आणि तीन वेळा तो ढीग परतावयाचा. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत तयार होते. यात यंत्र नाही, विकत आणावयाचे औषध नाही. बुरशी आणि सूक्ष्म जंतू यांना अन्न, हवा आणि ओलावा योग्य प्रमाणात मिळाला की बाकीचे काम ते करतात. काडीतील कर्ब आणि शेणमुतातील नत्र यांचे प्रमाण साधले नाही तर ढीग कुजत नाही किंवा नत्र उडून जाते. हे प्रमाण बसविण्याचे चिकाटीचे काम प्रयोगशाळेत झाले.

1931 साली हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयातर्फे ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेले. सिलोन आणि हिंदुस्थानातील चहाचे मळे, केनिया आणि कोस्टा रिकातील कॉफीचे मळे येथे तिचा वापर होऊ लागला. 1935 मध्ये महात्माजींच्या ‘हरिजन’ने खेड्यांसाठी तिची माहिती छापली. त्या काळी साहेबाच्या ग्रंथावर हिंदी सहकाऱ्याचे नाव बरोबरीने येणे दुर्मीळ होते. इंदूर पद्धतीचा गौरव करताना हॉवर्ड यांचे नाव घेतले जाते आणि वाडांचे विसरले जाते. निदान इंदूरच्या मराठी वाचकांनी तरी तसे करू नये.

गॅब्रिएल हॉवर्ड 1930 मध्ये निवर्तल्या आणि 1931 साली हॉवर्ड मायदेशी परतले. गेडिस गेल्यावर जे झाले तेच आता व्हायला हवे होते. परंतु येथे दोन्ही प्रकरणांतील फरक दिसून येतो. संस्था मागे होती, शेत होते, खड्डे होते आणि वाड होते. 1934 साली एफ. के. जॅक्सन आणि वाड यांनी वस्तीतील मैला व कचरा यांचे इंदूर पद्धतीने खत कसे करावे, यावर पत्रिका प्रसिद्ध केली. हे प्रयोग इंदूर रेसिडेन्सी, इंदूर शहर आणि माळवा भिल्ल पलटण या तीन ठिकाणी झाले होते. शहराची घाण मातीला परत द्यावी, असे गेडिस यांनी 1918 साली लिहिले होते. ती कशी द्यावी, किती दिवसांत, कोणत्या प्रमाणात, माशा आणि दुर्गंधी टाळून, याची कृती सोळा वर्षांनी त्याच शहरात तयार झाली. गेडिस यांचा विचार अमलात येण्यासाठी हॉवर्ड आणि वाड यांची संस्था लागली.

या दोन प्रकरणांतून काय शिकावयाचे? पहिली गोष्ट अशी, की सल्ला आणि सहवास यांत फरक आहे. गेडिस यांची दृष्टी हॉवर्ड यांच्यापेक्षा कमी दर्जाची होती असे कोणी म्हणणार नाही. कदाचित ती अधिक व्यापकच होती. परंतु ते पाहुणे होते. हॉवर्ड सात पावसाळे त्याच शेतात राहिले. एका वर्षीची चूक पुढच्या वर्षी दुरुस्त करण्याची संधी त्यांना मिळाली. धोरण हे पिकासारखेच असते. एका हंगामावरून त्याची परीक्षा होत नाही. दुसरी गोष्ट पैशाची. ज्याचा पैसा एकाच हातातून येतो त्याचे तोंडही त्याच हाताने बंद करता येते. अनेकांनी मिळून पोसलेल्या संस्थेचा संशोधक देणगीदाराला नको असलेले सत्य सांगू शकतो, आणि कापसासाठी दिलेल्या पैशातून मातीचा अभ्यास करू शकतो. तिसरी गोष्ट स्थानिक माणसाची. परका तज्ज्ञ कितीही थोर असला, तरी त्याच्या मागे काम चालविणारा आणि त्या मुलखात राहणारा सहकारी नसेल, तर ज्ञान त्याच्याबरोबर बोटीवर चढते.

पुढे महाराष्ट्रातही याच रचनेचा प्रत्यय आला. 1930 साली पुण्यात निघालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ 1966 पर्यंत संचालक होते. गावोगावच्या पाहण्या आधी झाल्या, संस्थेचे स्वातंत्र्य आधी सिद्ध झाले, आणि म्हणूनच सहकारी साखर कारखानदारीपासून नियोजन आयोगापर्यंत सर्वत्र त्यांच्या शब्दाला वजन आले. शासनाजवळ असूनही शासनाच्या पदरी नसणे, हे अवघड स्थान त्यांनी सांभाळले.

परंतु इतिहास लिहिताना उणिवाही सांगितल्या पाहिजेत. इंदूर पद्धत मळेवाल्यांनी उचलली, तितकी माळव्याच्या लहान शेतकऱ्याने उचलली नाही. ढीग परतायला माणसे लागतात, पाणी लागते, गाडी लागते, आणि घरात दुसरे जळण असले तरच शेण खड्ड्यात जाते. ज्याच्याकडे एक बैलजोडी आणि सावकाराचे कर्ज आहे, त्याला शास्त्र पटले तरी साधन नसते. हॉवर्ड यांनी आपल्या मजुरांसाठी कामाचे मर्यादित तास, वेळच्या वेळी पगार आणि औषधपाणी यांची व्यवस्था केली होती, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण ही व्यवस्था संस्थेच्या कुंपणाबाहेर गेली नाही. मैल्याच्या खताबाबत तर प्रश्न अधिक गंभीर आहे. ते काम ज्यांच्या माथी जन्माने मारले होते, त्यांना कोणी विचारले नाही. मिरवणुकीच्या दिवशी त्यांच्या गळ्यात हार पडला. दुसऱ्या दिवशी डोक्यावर टोपली परत आली. हाताने मैला वाहण्याची प्रथा बंद करणारे कायदे 1993 आणि 2013 साली झाले, म्हणजे त्या मिरवणुकीनंतर पाऊण शतकाहून अधिक काळ जावा लागला. संशोधक आणि कारभारी यांचे कितीही जमले, तरी ज्यांच्या श्रमावर योजना उभी राहते ते त्या बैठकीत नसतील, तर सहयोग अपुराच राहतो.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि रासायनिक खतांचे युग आले. हॉवर्ड यांच्या संस्थेच्या जागी 1959 साली कृषी महाविद्यालय सुरू झाले. इंदूर पद्धत पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदापुरती उरली. आणि मग काळाने एक वळण घेतले. शहराने घरोघरी ओला व सुका कचरा वेगळा घेण्यास आरंभ केला, 2017 पासून सलग सात वेळा राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात पहिला क्रमांक मिळविला, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये दररोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून वायू आणि खत करणारा प्रकल्प येथे सुरू झाला. हा प्रकल्प गेडिस किंवा हॉवर्ड यांच्या ग्रंथांवरून उभारला, असे म्हणणे इतिहासाला सोडून होईल. परंतु घाण लांब लोटून न देता तिचे मोल करून ती जमिनीला परत द्यावी, हा विचार शंभर वर्षांपूर्वी याच शहराला सांगितला गेला होता, आणि त्याची शास्त्रशुद्ध कृतीही येथेच सिद्ध झाली होती. मधली ऐंशी वर्षे आपण तो विसरलो, याची किंमत आपल्या नद्यांनी मोजली.

शासन बदलते, अधिकारी बदली होऊन जातात, संशोधक निवृत्त होतो. अशा वेळी अहवालाची आठवण कोणी ठेवावयाची? येथे ग्रंथालयाचे काम सुरू होते. जुना अहवाल कपाटात सुरक्षित आहे एवढ्याने भागत नाही. तो काढून वाचणारा सभासद हवा, आणि नगरपालिकेच्या सभेत उभे राहून हे पूर्वी सांगितले गेले होते असे म्हणणारा नागरिक हवा. संशोधक आणि कारभारी यांच्यामधील दुवा शेवटी जाणता वाचकच असतो. शंभर वर्षे वाचक घडविणाऱ्या संस्थेने पुढील शतकात आपल्या शहराचे, आपल्या नद्यांचे आणि आपल्या मातीचे जुने कागद गोळा करून वाचकांपुढे ठेवावेत. दरबार गेले आणि साहेबही गेले. माती मात्र येथेच आहे आणि तिचे देणे अजून पुरते फिटलेले नाही.